एका क्रियापदासाठी संकट पाहिजे

'बिफॉल' हे इंग्रजी क्रियापद प्रोफेसरांच्या गळ्यात पडलं ते केवळ त्या दिवशी त्यांनी डबा आणला नव्हता म्हणून. ज्यांनी डबे आणले होते ती मंडळी आतल्या खोलीत जेवायला बसली होती. प्रोफेसर एकटेच आपल्या टेबलाशी पेन्सिलीला टोक काढत होते. संपादकबाई कागद घेऊन बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मोकळेच दिसताय." सरकारी असो की खाजगी, कुठल्याही कचेरीत या वाक्यातून आजवर कोणी सुटलेला नाही.

प्रोफेसर हे प्रोफेसर नव्हते. इमारतीतल्या सूचनाफलकावरच्या चुका ते एकदा लाल शाईने दुरुस्त करून आले, तेव्हापासून शेजाऱ्यांनी त्यांना ही पदवी दिली होती. प्रत्यक्षात ते एका शब्दकोशाच्या कार्यालयात कामाला होते. कोश इंग्रजी-मराठी, चालू अक्षर बी. चांगले शब्द आधीच वाटले गेले होते. प्रोफेसरांच्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांना 'ब्रेड' मिळाला होता आणि ते दिवसभर प्रसन्न असत.

तसा 'बिफॉल'चा अर्थ अवघड नव्हता. गुदरणं, ओढवणं, कोसळणं. उपयोगही सरळ होता. या क्रियापदाचा कर्ता बहुतेक वेळा संकटच असतं. माणूस वाक्यात येतो तो संकटाला पडायला कुठेतरी जागा हवी म्हणून. व्युत्पत्तीही प्रोफेसरांनी त्याच दिवशी शोधून काढली. 'फॉल' म्हणजे पडणं, त्याच्या आधी एक जुना उपसर्ग लागलेला. पूर्वी याचा अर्थ वाट्याला येणं असाही होता. वाटणीत एखाद्याच्या नावावर शेत पडायचं, तसं. म्हणजे मुळात शब्द बिचारा वाईट नव्हता. पण पुढे माणसांनी वाट्याला आलेलं चांगलं तेवढं स्वतःच्या कर्तृत्वात जमा केलं आणि वाईट तेवढं या शब्दाकडे ढकललं. हे टिपण लिहून झाल्यावर प्रोफेसर स्वतःवरच इतके खूष झाले की ते दोनदा मोठ्याने वाचून काढावं लागलं.

घोडं अडलं ते उदाहरणाच्या वाक्यावर. मागच्या आवृत्तीत कोणीतरी 'लेझी', म्हणजे आळशी, या शब्दापुढे पोस्टमनचं उदाहरण मनानेच रचून दिलं होतं. त्यावर गावातले यच्चयावत पोस्टमन कार्यालयात येऊन बसले आणि त्यांची समजूत काढताना संपादकबाईंच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून त्यांचा नियम होता : रचलेलं वाक्य चालणार नाही. उदाहरण खरं घडलेलं हवं, ज्याच्या बाबतीत घडलं त्याची संमतीची सही हवी आणि वर एक साक्षीदार हवा. 'ब्रेड'ला याचा काही त्रास होत नव्हता. 'बिफॉल'ला मात्र कोणाचंतरी खरंखुरं संकट लागणार होतं.

कार्यालयात रंगकाम निघालं होतं म्हणून प्रोफेसरांनी काम घरी आणलं. इथेच त्यांचं चुकलं. कारण घरात आत्या होती.

आत्याने प्रोफेसरांना लहानाचं मोठं केलं होतं आणि ते पुरेसे मोठे झालेत हे तिला अजून पटलेलं नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षीही ती त्यांना 'बाळ' म्हणे, आणि तेही चारचौघांत. सध्या तिच्या पित्ताशयात खडा होता. सर्जननी शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरवलं होतं, गुरुवारी संध्याकाळी दाखल व्हायचं होतं. "तारीख पुढे ढकलू नका," ते म्हणाले होते. "नंतर मी महिनाभर इथे नाही, आणि हा खडा काही माझी वाट बघत बसणार नाही. एकदा पू झाला की या वयात जिवावर बेतेल." आत्याने त्यांच्यासमोर मान डोलावली होती. घरी येऊन स्वतःची पिशवीही भरून ठेवली होती.

मंगळवारी सकाळी प्रोफेसर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. बाहेरचं संकट सापडेपर्यंत घरातलं एखादं चालतंय का म्हणून ते सहज वाक्य जुळवून पाहू लागले. जुळवताना मोठ्याने बोलायची त्यांना सवय. "गेल्या महिन्यात माझ्या आत्यावर... ओढवलं... छे. आत्यावर कोसळलं... आत्यावर गुदरलं..."

"कोणावर काय गुदरलं रे, बाळ?" दारातून आवाज आला.

दुसरा कोणी असता तर त्याने काहीतरी थाप मारून वेळ निभावून नेली असती. पण कोशात काम करणाऱ्या माणसाला कोणी शब्दाबद्दल विचारलं की अर्थ सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रोफेसरांनी अर्थ सांगितला. उपयोग सांगितला. संकट वरून कसं पडतं आणि ते टाळणं माणसाच्या हातात कसं नसतं, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हा शब्द घरात आहे तोवर मी ऑपरेशनला जायची नाही," ती म्हणाली, खोलीत गेली आणि पिशवी रिकामी करू लागली.

"आत्या, अगं हा नुसता शब्द आहे!"

"असू दे ना. आधी त्याला घराबाहेर काढ, मग मला ने."

प्रोफेसरांच्या बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, घरात आजारी माणूस, आणि तुम्हाला वाक्यात घालायला तेच सापडलं?"

"मी फक्त बसतंय का ते बघत होतो."

"आता बसलंच ते. डोक्यात बसलंय त्यांच्या. गुरुवारच्या आत तो शब्द संपवा, मी आत्यांचं बघते."

अशा रीतीने एका क्रियापदाला गुरुवारपर्यंत संकट मिळवून देण्याची जबाबदारी प्रोफेसरांवर येऊन पडली. ते समोरच्या विमाकाकांकडे गेले. विमाकाका आयुष्यभर विम्याच्या कचेरीत होते आणि लोकांच्या आपत्तींबद्दल त्यांना खाद्यपदार्थांबद्दल बोलावं तसं बोलता येई. प्रोफेसरांना काय हवंय हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. दार सताड उघडून त्यांनी जिन्यातच हाक दिली, "अहो, ऐकलंत का? डिक्शनरीत छापायला संकट पाहिजे! कोणाकडे आहे का?"

प्रोफेसरांना वाटलं होतं, लोक संकोचतील. माणसं आपलं दुःख झाकून ठेवतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पण संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात रांग लागली. कोणाची बढती हुकली होती. कोणाची दाढ चुकीची उपटली गेली होती. एका गृहस्थांनी आपल्या मेहुण्यालाच पुढे केलं आणि म्हणाले, "हेच आमचं." प्रत्येकाला आपलं संकट छापून यायला हवं होतं आणि प्रत्येकाला पुढच्याचं संकट किरकोळ वाटत होतं.

विमाकाकांनी अर्थातच पहिला नंबर लावला. मागे एकदा त्यांनी मागवलेलं शिसवी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. ते वरही जाईना, खालीही येईना आणि अख्खी इमारत आठवडाभर त्याच्या आतून ये-जा करत होती. पुढची दारं उघडून आत शिरायचं, मागची फळी काढलेली होती तिथून बाहेर पडायचं. प्रोफेसरांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी संपादकबाईंना फोन लावला.

"कपाट कोणी मागवलं?" बाईंनी विचारलं.

"त्यांनीच."

"जिना मोजला होता?"

"नाही."

"मग ते ओढवलं नाही, त्यांनी ओढवून घेतलं. ज्यात माणसाचा स्वतःचा हात आहे ते या क्रियापदात बसत नाही. दुसरं बघा."

हा निकाल विमाकाकांना कळवणं हे प्रोफेसरांच्या आयुष्यातलं एक नाजूक काम होतं. काका फक्त "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. ते 'बरं' ऐकून प्रोफेसरांना रात्री नीट जेवण गेलं नाही.

बुधवारी मात्र सोनं सापडलं. तळमजल्यावर मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहत. एकदा त्यांना मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीची चांगली साडी नेसून त्या खाली यायला लिफ्टमध्ये शिरल्या आणि तोवर कधीही बंद न पडलेली लिफ्ट नेमकी मधेच बंद पडली. सुटल्या तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. आज त्या खुर्चीवर दुसरंच कोणी बसतंय. हे सांगताना शिकवणीबाई हसत होत्या, पण साडीचा रंग त्यांना अजून अगदी बारकाईने आठवत होता.

"उत्तम!" संपादकबाई फोनवर म्हणाल्या. एखाद्याच्या दुर्दैवाला त्यांनी इतकी मनापासून दाद दिलेली प्रोफेसरांनी पूर्वी ऐकली नव्हती. "सही घ्या, साक्षीदार घ्या आणि पाठवून द्या."

शिकवणीबाईंनी सही करायची कबूल केली. आता साक्षीदार. त्या दिवशी लिफ्टमध्ये बाईंबरोबर आणखी एकच माणूस अडकला होता. तो माणूस म्हणजे विमाकाका.

"मला नाही बुवा आठवत," काका म्हणाले.

"काका, तुम्ही तेव्हा त्यांना आपत्ती विम्याची योजना समजावून सांगितलीत, असं बाई म्हणतात."

"सांगितली असेल. पण बंद लिफ्ट हे संकट आणि जिन्यातलं कपाट हे नाही, हा कुठला न्याय? आठ दिवस माझं कोरं कपाट लोकांच्या पायदळी होतं!"

प्रोफेसरांनी गयावया केली. आत्याचं ऑपरेशन सांगितलं. काका थोडे विरघळले, पण तेवढ्यात ही बातमी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेली आणि ते जातीने वर आले. सेक्रेटरी हा माणूस एरवी गरीब स्वभावाचा, पण लिफ्टबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. लिफ्ट जुनी होती, जाळीच्या दाराची होती, आणि ते तिला स्वतःच्या हाताने तेल घालत.

"आमची लिफ्ट डिक्शनरीत? आणि तीही संकट म्हणून?" ते म्हणाले. "पुढची शंभर वर्षं लोक वाचत बसतील! ते काही नाही. तुम्ही आधी आत बसून बघा. लोण्यासारखी जाते. मग काय लिहायचं ते लिहा."

हे झालं गुरुवारी दुपारी. संध्याकाळी आत्याला दाखल करायचं होतं आणि ती अजून खोलीत रिकाम्या पिशवीशेजारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. प्रोफेसरांनी विचार केला, एक चक्कर मारून सेक्रेटरींचा मान राखावा, म्हणजे ते गप्प बसतील, काका सही करतील, शब्द संपेल. ते लिफ्टमध्ये शिरले. सेक्रेटरी शिरले. प्रात्यक्षिक कसलंही असो, विमाकाका ते सोडत नसत, तेही शिरले. लिफ्ट तळमजल्यावरून निघाली, खरोखरच लोण्यासारखी वर गेली आणि दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली.

सेक्रेटरींनी सगळी बटणं दाबून पाहिली. मग त्यांनी एकेक बटण पुसून पाहिलं.

"हिला माणसं जास्त झाली," ते शेवटी म्हणाले.

"पाटीवर सहा लिहिलंय," विमाकाका म्हणाले.

एवढ्या हलाखीतही प्रोफेसरांच्या डोक्यात वीज चमकली. संकट! खरं, ताजं आणि स्वतःचं! सही स्वतःची आणि साक्षीदार एक सोडून दोन, तेही हलू न शकणारे! त्यांनी तिथूनच संपादकबाईंना फोन लावला.

बाईंनी ऐकून घेतलं. "ही तीच लिफ्ट ना, शिकवणीबाईंची?"

"हो, तीच."

"म्हणजे ती बंद पडते हे तुम्हाला माहीत होतं. आणि तरी तुम्ही स्वतः होऊन चढलात?"

"हो, पण..."

"स्वतःचा हात," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

प्रोफेसर लिफ्टच्या फरशीवर मटकन बसले. आतापर्यंत ते सगळ्याला काम समजून धावत होते. आता धावायला जागाच उरली नाही, तेव्हा त्यांना प्रथमच नीट दिसलं की गुरुवारची दुपार सरत चालली आहे, आत्या खोलीत आहे, तिच्या पोटात तो खडा आहे आणि आपण या जाळीत आहोत. त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. विमाकाकांनी खिशातला रुमाल काढून त्यांना दिला. सेक्रेटरी जाळीला तोंड लावून मेकॅनिकच्या नावाने हाका मारू लागले.

त्या हाकांनी मेकॅनिक आला नाही, पण वर तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. लिफ्टच्या वरच्या अर्ध्या भागातून तिसऱ्या मजल्याची फरशी दिसत होती. तिच्यावरून दोन पावलं सावकाश चालत आली. निळ्या पट्ट्यांच्या सपाता. प्रोफेसरांना आत्या दिसली ती घोट्यापर्यंतच.

"बाळ, तू आत आहेस का रे?"

"हो आत्या."

"असं कोणी करतं का? लागलं नाही ना कुठे?"

"नाही. आत्या, ऐक. तो शब्द..." प्रोफेसर म्हणणार होते, तो शब्द संपला. साधी एका ओळीची थाप होती. पण बाहेर पडलं ते भलतंच. "शब्द काही संपला नाही ग. मला ते जमत नाही. मला फार भीती वाटते आहे."

"लिफ्टची?"

"तुझी! तुझ्या ऑपरेशनची! सर्जन म्हणाले तेव्हापासून मला सुचत नाहीये काही. तुला काही झालं तर मी काय करू?"

काका आणि सेक्रेटरी एकदम छताकडे पाहू लागले. सपाता जागच्या हलल्या नाहीत.

"मला वाटलं, तुला त्या शब्दाचीच पडली आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही सगळे आपले रोज सांगताय, साधं ऑपरेशन आहे, चिमटीएवढा खडा आहे. घरात कोणी घाबरायलाच तयार नाही. मग मी एकटीने कशी घाबरू? म्हटलं, निदान त्या शब्दाला तरी घाबरावं."

"म्हणजे तुलाही भीती वाटते?"

"मग काय तर! पोट कापणार आहेत माझं."

"मलाही वाटते ग," प्रोफेसर म्हणाले.

"हे सोमवारी सांगितलं असतंस तर एवढं रामायण झालं नसतं." सपाता वळल्या. मग पुन्हा थांबल्या. "सूनबाई, माझी पिशवी भर. आपण दोघी जिन्याने जाऊ. हा येईल मागून, सुटला की."

"पण आत्या, शब्द अजून घरात आहे!"

"राहू दे त्याला. कुठे जातोय तो!"

आणि ती गेली. जाळीतून प्रोफेसरांना दिसत होतं, आत्या एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने बायकोचा खांदा धरून एकेक पायरी उतरते आहे. लिफ्टच्या पातळीला आल्यावर तिचा चेहरा दिसला. तिने जाळीतून बोट आत घालून प्रोफेसरांच्या नाकाला लागलेली ग्रीसची रेघ पुसली, काकांना "सांभाळा हो याला" म्हटलं आणि खाली उतरली. काकांनी रुमाल परत मागितला, कारण आता तो त्यांनाच हवा होता.

मेकॅनिक येऊन लिफ्ट हलली तेव्हा दिवे लागले होते. प्रोफेसर धावतपळत रुग्णालयात पोचले. आत्या पलंगावर बसून शेजारच्या बाईंना त्यांच्या ऑपरेशनबद्दल धीर देत होती.

शुक्रवारी सकाळी तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर प्रोफेसर आणि बायको बसले. विमाकाका आले, शिकवणीबाई आल्या, सेक्रेटरीही आले आणि जिन्याने आले. कोणी संकटांविषयी बोललं नाही. ज्याला त्याला काल-परवाची आपली हौस आठवत असावी. दार उघडलं की सगळे उठत आणि नर्स दुसऱ्याच कोणाचं तरी नाव घेऊन गेली की बसत. शेवटी सर्जन स्वतः बाहेर आले, चष्मा काढला आणि म्हणाले, "झालं. छान झालं. अजून थोडं थांबलो असतो तर अवघड होतं. आता काही काळजी नाही."

प्रोफेसर पुन्हा बाकावर बसले. ते बसल्या जागी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले.

"अहो, छान झालं म्हणताहेत ते," बायको म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

"ऐकलं ग, ऐकलं मी!"

नेमका तेव्हाच संपादकबाईंचा फोन आला. मजकूर छापखान्यात जायचा होता. त्यांनी विचारलं, वाक्य सापडलं का?

"सापडलं," प्रोफेसर नाक पुसत म्हणाले. "लिहून घ्या, भूतकाळी रूपात. नो हार्म बिफेल हर. तिला काहीही झालं नाही."

पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो, पण यात काही घडलंच नाही."

"हो ना, बाई! काही घडलं नाही! तुम्हाला कल्पना नाही ते न घडणं किती मोठं आहे! साक्षीदार पाच आहेत. सर्जन धरले तर सहा."

"आणि स्वतःचा हात?"

"छे! कोणाचा हात असलाच तर सर्जनचा. मी तर लिफ्टमध्ये होतो."

बाईंनी खाकरून घसा साफ केला. "घेते मी," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत तसा वापर आहेच. आणि आत्यांना माझा नमस्कार सांगा. सही तेवढी आणा."

आत्या पुरती शुद्धीवर आली तेव्हा ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. तिचा चेहरा फिकट होता, पण कपाळावरची आठी जागच्या जागी होती. ती आठी पाहून प्रोफेसरांना खरा धीर आला. त्यांनी भीतभीत कागद पुढे केला.

"काय आहे?"

"तो शब्द. तुझी सही लागते. नको असेल तर राहू दे."

"वाच."

त्यांनी वाचलं. "तिला काहीही झालं नाही."

"तिला? ही ती कोण?"

"तू, आत्या."

"मग तसं लिही की! ती म्हणे! वाचणाऱ्याला काय कळणार कोण ती? जगात काय बायका थोड्या आहेत?"

"मग काय लिहू?"

आत्याने डोळे मिटले. हसली की टाके दुखत होते, म्हणून ती जपून हसली. "'माझ्या आत्याला' असं लिही. कुठे का छापेना, निदान कोणाची आहे ते तरी कळेल."

प्रोफेसरांनी 'तिला' खोडलं. संपादकबाईंना न विचारता त्यांनी कोशातलं वाक्य बदललं, ते आयुष्यात पहिल्यांदाच. मग पेन आत्याच्या हातात दिलं. तिने पडल्या पडल्या वाकडीतिकडी सही केली, पेन परत दिलं आणि त्याबरोबर हातात आलेला त्यांचा हात काही सोडला नाही.